संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण : डोलवी परिसरातील पदवीधरांना द्यावयाचा सल्ला

प्रस्तावना

पदवीच्या पाचव्या सत्रात विद्यार्थी प्राध्यापकांच्या खोलीत येऊन जे प्रश्न विचारतात, त्यांत 'पुढे एम.एस्सी. करू की नोकरी धरू?' हा प्रश्न सर्वांत जुना आहे. पेण-रोहा पट्ट्यात, विशेषतः डोलवी, वडखळ, गडब, कासू या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्याला एक स्थानिक पदर आहे. घराच्या अंगणातून पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसतात. पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा असलेला डोलवीचा हा प्रकल्प २०१० च्या अखेरीस झालेल्या व्यवहारानंतर जे.एस.डब्ल्यू. समूहाकडे गेला आणि पुढे त्याची वार्षिक क्षमता ५० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यात आली. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत. त्यामुळे 'कुठेतरी चिकटून जा' हा घरचा सल्ला अगदीच निराधार म्हणता येत नाही. कंत्राटी का होईना, काम दाराशी दिसत असते; पदव्युत्तर शिक्षण मात्र कुर्ल्याला, पुण्याला किंवा त्याहून दूर असते.

अशा वेळी प्राध्यापकाने काय सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विद्यार्थ्याच्या घरात यापूर्वी कोणी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नसेल, तर आपण सहज बोलून गेलेले एक वाक्य त्याच्या दोन वर्षांचा निर्णय ठरते. सबब हे वाक्य माहितीवर आधारलेले असावे, एवढीच अपेक्षा.

पदव्युत्तर अभ्यास म्हणजे नेमके काय?

बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत अशी असते की, पदवीला दोन संगणकीय भाषा शिकलो, पदव्युत्तर स्तरावर आणखी चार शिकू. ही समजूत दूर केल्याशिवाय पुढचा कोणताही सल्ला व्यर्थ आहे. नवी भाषा किंवा नवे साधन शिकण्यासाठी दोन वर्षे आणि विद्यापीठ लागत नाही. पदव्युत्तर अभ्यास लागतो तो वेगळ्या कारणासाठी, आणि ते कारण समजावून सांगण्यासाठी डोलवीच्याच खाडीचे उदाहरण उपयोगी पडते.

धरमतरच्या खाडीत मोठी जहाजे येऊ शकत नाहीत. लोहखनिज, कोळसा यांसारखा माल खोल समुद्रातील वा अन्य बंदरातील मोठ्या जहाजांतून बार्जमध्ये उतरवून खाडीतून धक्क्यापर्यंत आणला जातो. खाडीची खोली भरती-ओहोटीवर अवलंबून. आता वर्गासाठी एक काल्पनिक प्रश्न मांडू. धक्का एकच आहे, दहा बार्ज रांगेत आहेत, प्रत्येकाला रिकामे करण्यास लागणारा वेळ ठाऊक आहे आणि प्रत्येकाला ताटकळत ठेवल्याचा खर्च वेगवेगळा आहे. कोणत्या क्रमाने बार्ज धक्क्याला लावले असता एकूण खर्च सर्वांत कमी येईल?

पदवीचा चांगला विद्यार्थी म्हणेल, सर्व क्रम तपासून पाहू. दहा बार्जचे क्रम ३६,२८,८०० होतात. संगणक सेकंदाला एक कोटी क्रम तपासतो असे धरले, तर उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत मिळते. आज्ञावली चालली, गुण मिळाले. आता बार्ज पंधरा करा. क्रमांची संख्या सुमारे एक लाख एकतीस हजार कोटी होते आणि त्याच संगणकाला दीड दिवस लागतो. बार्ज वीस केले, तर सुमारे सात हजार सातशे वर्षे! येथे दुप्पट वेगाचा संगणक विकत घेऊन काहीही साधत नाही. सात हजारांची साडेतीन हजार वर्षे होतात, इतकेच.

पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून अपेक्षित असलेला विचार येथून सुरू होतो. पुढे येणारा खर्च हा आधीचे बार्ज कोणत्या क्रमाने लागले यावर अवलंबून नसून केवळ कोणते बार्ज रिकामे झाले आहेत यावरच अवलंबून असेल, तर सर्व क्रम मोजण्याची गरजच नाही. वीस बार्जचे उपसंच १०,४८,५७६ इतकेच आहेत. प्रत्येक उपसंचासाठी सर्वोत्तम उत्तर एकदाच काढून जपून ठेवले, की काम जास्तीत जास्त दोनेक कोटी पायऱ्यांत, म्हणजे दोन सेकंदांच्या आसपास संपते. सात हजार सातशे वर्षे आणि दोन सेकंद यांतील हा फरक यंत्राने घडविलेला नाही. प्रश्नाच्या रचनेकडे पाहण्याच्या दृष्टीने घडविलेला आहे. परंतु गोष्ट इथेही थांबत नाही. भरतीची वेळ हिशेबात घेतली, की वरची अट मोडते. बार्ज पाण्यासाठी किती वेळ थांबला हे आता आधीच्या क्रमावर अवलंबून राहते. तोच संच, पण वेगळा क्रम, की घड्याळ वेगळे. मग अवस्थेत कालाचीही नोंद ठेवावी लागेल काय? ठेवली तर अवस्थांची संख्या किती फुगेल? अचूक उत्तराचा हट्ट सोडून जवळपासचे उत्तर घेतले, तर ते किती जवळचे आहे याची हमी सिद्ध करता येईल काय? बार्ज पन्नास झाले, तर उपसंचांची युक्तीही कोलमडते, मग काय?

हे प्रश्न ऐकून ज्या विद्यार्थ्याचे डोळे चमकतात, त्याला पदव्युत्तर शिक्षणाकडे पाठवावे. 'पण सर, यासाठी तयार सॉफ्टवेअर मिळत असेल ना?' असे जो विचारतो, तोही मूर्ख नव्हे. तो व्यवहारी आहे आणि त्याची वाट वेगळी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते गुणपत्रिकेपेक्षा ही एक कसोटी अधिक बोलकी आहे.

महाराष्ट्रात या विद्याशाखेचा आरंभही अशाच जिज्ञासेतून झाला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली 'टिफ्रॅक' हा संगणक तयार झाला व १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. ते काम करणाऱ्यांपैकी कोणाकडेही संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण देशात तशी पदवीच अस्तित्वात नव्हती. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला.

वाटा आणि त्यांच्या अटी

वाटांची नावे विद्यार्थ्यांना ठाऊक असतात; अटी ठाऊक नसतात. घोटाळा तेथेच होतो.

एम.एस्सी. (संगणकशास्त्र) किंवा एम.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान) ही बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला सर्वांत सरळ वाटणारी वाट. डोलवीच्या विद्यार्थ्याने मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरी संकुलात रोज जायचे ठरविले, तर पेणहून पनवेल, पनवेलहून हार्बर मार्गाने कुर्ला आणि पुढे बस असा, एका दिशेचाच अडीच-तीन तासांचा प्रवास होतो. पेण-रोहा मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने एक गाडी चुकली तर पहिले व्याख्यान गेलेच म्हणून समजावे. राहण्याची सोय न पाहता प्रवेश घेणे म्हणजे पहिल्या सत्रातच गळती ओढवून घेणे होय. हा मुद्दा कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो, म्हणून तो आपणच काढला पाहिजे, विशेषतः विद्यार्थिनींशी बोलताना. कारण त्यांच्या घरी संध्याकाळच्या गाडीचा प्रश्न प्रवेशाच्या प्रश्नाआधी उपस्थित होतो.

एम.सी.ए. हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. तरीही 'तीन वर्षे कोण घालवणार' म्हणून तो नाकारणारे पालक आजही भेटतात. त्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांतील एम.सी.ए.साठी 'निमसेट' ही वेगळी परीक्षा आहे. येथे एक आर्थिक बाब महत्त्वाची ठरते. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला नाही. एखादी विद्यार्थिनी सामायिक परीक्षेचा अर्ज भरण्याचे राहून गेले म्हणून कोट्यातून प्रवेश घेते, तेव्हा एका अर्जाची किंमत दोन वर्षांच्या शुल्काइतकी पडते.

एम.टेक. विषयी गैरसमज सर्वाधिक. 'गेट' परीक्षेला २०२१ पासून तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही बसू शकतो, हे खरे. परंतु परीक्षेला बसता येणे आणि प्रवेशास पात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय प्रौद्योगिकी संस्थांतील एम.टेक.साठी सर्वसाधारणपणे चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा एम.एस्सी., एम.सी.ए. यांसारखी पदव्युत्तर पदवी लागते. त्यामुळे तीन वर्षांच्या बी.एस्सी.नंतर थेट पवईला जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्याला मधला टप्पा दाखवून देणे आपले काम आहे. गेटचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य असते, म्हणजे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी दिलेली परीक्षा पदवी हाती आल्यावरही उपयोगी पडते. गेटद्वारे एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. जिल्ह्यातच, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, याचाही अनेकांना विसर पडतो.

बी.एस्सी.नंतर थेट, आणि तेही उच्च दर्जाच्या सैद्धांतिक संगणकशास्त्राकडे जाणारी एक वाट चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या एम.एस्सी.ची आहे, तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. 'जॅम' परीक्षेत मात्र संगणकशास्त्राची प्रश्नपत्रिका नाही. गणित किंवा गणितीय संख्याशास्त्र घेऊनच त्या दाराने जावे लागते.

ज्याला लवकर नोकरी हवी आहे, त्याने सी-डॅकचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम जरूर पाहावा. सुमारे सहा महिने आणि नऊशे तासांचा हा अभ्यासक्रम असून 'सी-कॅट' या परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. ती पदविका आहे, पदवी नव्हे; तिच्या बळावर नेट देता येत नाही किंवा पीएच.डी.ला प्रवेश मिळत नाही, हे आधीच स्पष्ट करावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे या नकाशात आणखी एक वळण आले आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ साली नव्या रचनेखाली प्रवेश घेतलेली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात असेल. या विद्यार्थ्यांपुढे तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, किंवा चौथे वर्ष पूर्ण करून एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण, असे दोन पर्याय राहतील. एकूण कालावधी सारखाच. मग फरक कोठे? संशोधनासह ऑनर्स करावयाचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.चे दारही उघडते. तथापि चौथे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध होईलच असे नाही. घराजवळचे चौथे वर्ष केवळ घराजवळ आहे म्हणून निवडू नये. तेथे संशोधनाला मार्गदर्शक कोण, ग्रंथालय काय, हे विचारून मगच निवडावे. मग ते आपल्याच महाविद्यालयातील का असेना.

गणिताचा प्रश्न

ग्रामीण भागातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर स्तरावर अडविणारी गोष्ट इंग्रजी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. प्रस्तुत लेखकाला तो अर्धसत्य वाटतो. इंग्रजी वर्षभरात बऱ्यापैकी सावरते, विशेषतः या विषयाची ठरावीक शब्दसंपदा. सावरत नाही ते गणित. बारावीनंतर गणिताशी संबंध तुटतो, आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील विविक्त गणित 'पास होण्यापुरते' उरकले जाते. पुढे गेटमध्ये शंभरपैकी १३ गुण अभियांत्रिकी गणिताला आहेत हे पाहून विद्यार्थी म्हणतो, तेवढे सोडून देऊ. पण उरलेल्या ७२ गुणांच्या विषयभागातील अल्गोरिदम, संगणन सिद्धांत, संचांवर उभी असलेली विदागार रचना हेही वेषांतर केलेले गणितच असते. २०२४ पासून गेटमध्ये विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली आहे. तिथे तर संभाव्यता आणि रेषीय बीजगणित यांच्यावाचून पाऊलही पुढे पडत नाही.

यासाठी दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला दोन तास पुरतात. व्याख्यानांसाठी आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालविलेला, २००३ पासूनचा 'एन.पी.टी.ई.एल.' उपक्रम आहे; त्याची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतही आहेत. पण केवळ दुवा पाठवून काम होत नाही. आठवड्यातून एकदा चार विद्यार्थ्यांना फळ्यासमोर उभे करून एकेक सिद्धता लिहून घेणे, याला पर्याय नाही. सिद्धता मराठीत समजावली तरी चालते, किंबहुना अधिक चांगली समजते. विगमनाच्या सिद्धतेत 'क' साठी खरे मानले तर 'क अधिक एक' साठी का खरे ठरते, हे मातृभाषेत एकदा पटले की इंग्रजीत लिहिणे हा निव्वळ सरावाचा भाग उरतो.

मराठीचा प्रश्न निघाला म्हणून एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे वाटते. भाषा ही अडचण न राहता संशोधनाचा विषयही होऊ शकते. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय भाषांच्या संगणनावर दीर्घकाळ काम झाले, त्यातून मराठी शब्दजाल उभे राहिले. पुण्यातील 'एल३क्यूब' या उपक्रमात पी.आय.सी.टी. या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये सुमारे सोळा हजार मराठी ट्वीटचा भावविश्लेषणासाठीचा संच प्रसिद्ध केला. हे काम करणारे पदवीचे विद्यार्थी होते. आपल्या भागातील आगरी बोलीचे ध्वनिमुद्रण करून तिच्या उच्चारांची नोंद संगणकाला समजेल अशी ठेवणे, हे काम डोलवीच्या विद्यार्थ्याइतके चांगले दुसरे कोण करील? त्याला आपल्या आजीशी बोलण्यासाठी दुभाषा लागत नाही.

घर, खर्च आणि अपेक्षा

दोन वर्षांचे शुल्क, राहणे व जेवण हा खर्च दिसतो. दोन वर्षे न मिळालेला पगार दिसत नाही. मोठ्या मुलाच्या घरात तोच अधिक जड असतो. म्हणून पालकांशी बोलताना दोन्ही आकडे कागदावर मांडावेत. घराची गरज तातडीची असेल, तर आधी नोकरी आणि मग दूरस्थ शिक्षणाने पदव्युत्तर पदवी, हाही सन्माननीय मार्ग आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एम.सी.ए. त्यासाठी उपलब्ध आहे. मात्र दूरस्थ शिक्षणात प्रयोगशाळा आणि सोबती मिळत नाहीत.

'पदव्युत्तर झालो की पगार वाढेल' या अपेक्षेबद्दल सावध बोलावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर साचेबद्ध आज्ञावली लिहिण्याचे काम यंत्राकडून करून घेणे सोपे झाले. यावरून 'आता संगणकशास्त्र शिकूच नये' असा निष्कर्ष काढणारे जेवढे घाई करतात, तेवढीच घाई 'पदव्युत्तर पदवी असली की धोका नाही' म्हणणारेही करतात. यंत्राने लिहिलेली आज्ञावली वीस बार्जवर चालेल की नाही, हे सांगू शकणाऱ्याची गरज कमी झालेली नाही. पण ती क्षमता अभ्यासातून येते, पदवीच्या कागदातून नव्हे.

प्राध्यापकीची इच्छा धरणाऱ्यांशी अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. परंतु संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत विनाअनुदानित तत्त्वावर चालतात आणि तेथील नेमणुका बहुधा तासिका तत्त्वावर किंवा वर्षापुरत्या असतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असले पाहिजे. तसेच कोणी आजही 'आधी एम.फिल. कर' असा जुना सल्ला देत असेल, तर तो थांबवावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने ही पदवी बंद झाली. त्यापूर्वी मिळविलेल्या पदव्या ग्राह्य आहेत, नव्याने प्रवेश नाहीत. स्वतः एम.फिल. असलेल्या लेखकाला हे लिहिताना थोडे चमत्कारिक वाटते, परंतु आपल्या काळाचा मार्ग विद्यार्थ्याच्या काळातही चालू असेल असे गृहीत धरता येत नाही.

शिफारसपत्र आणि वेळापत्रक

शिफारसपत्रात 'विद्यार्थी कष्टाळू व शिस्तप्रिय आहे' हे वाक्य निरुपयोगी असते. निवड समितीला हवे असते ते एखादे नेमके निरीक्षण : या विद्यार्थिनीने तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात विदेतील अमुक दोष स्वतः शोधला, तो असा दूर केला, अमुक ठिकाणी तिला मर्यादा जाणवल्या. असे लिहिता यावे म्हणून प्रकल्पाच्या वेळीच वहीत दोन ओळी टिपून ठेवाव्यात. मार्च महिन्यात साठ प्रकल्पांतून एक आठवत नाही.

परीक्षांचे अर्ज ही शेवटची बाब. गेटची नोंदणी साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते आणि परीक्षा फेब्रुवारीत, जॅमही फेब्रुवारीतच. एम.सी.ए.च्या सामायिक परीक्षेचे अर्ज हिवाळ्यात सुरू होतात. म्हणजे पाचव्या सत्राच्या परीक्षा, गणपती आणि दिवाळी यांच्या गर्दीत या तारखा येतात. पेण तालुक्यात गणपतीआधीचे दोन महिने अनेक विद्यार्थी मूर्तिशाळांत रंगकाम करीत असतात. त्या काळात त्यांना सूचनाफलक वाचण्याची सवड नसते. यास्तव विभागाने जुलैच्या पहिल्या आठवड्यातच तृतीय वर्षाची बैठक घ्यावी, प्रत्येकाच्या प्रवर्गाची, उत्पन्नाच्या दाखल्याची आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची स्थिती विचारून घ्यावी, आणि ज्यांचे दाखले नाहीत त्यांना त्याच आठवड्यात पेणच्या तहसील कार्यालयात पाठवावे.